आग गावाची, बंब सरकारचा

एका वाचकाचं पत्र आलं आहे. नाव-गाव छापू नका, असं त्यांनी कळवलंय, म्हणून थोडक्यात सांगतो.

ते बेळगाव जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या फायर स्टेशनात ९ वर्षं फायरमन आहेत. त्यांचं गाव तिथून २२ किलोमीटरवर. २०१९ च्या ऑगस्टमधल्या पुरात गावच्या पोरांनी दोरखंड आणि रिकाम्या बॅरलांच्या आधाराने माणसं बाहेर काढली, तेव्हापासून युवक मंडळाचं पथकच तयार झालं. २० पोरं, एक ट्रॅक्टरचा टँकर, फवारणीचा एचटीपी पंप, दोर, बॅटऱ्या. प्रमुख म्हणजे वाचकांचा सख्खा चुलत भाऊ. गेल्या मार्चमध्ये रात्री गावात गोठ्याला आग लागली आणि शेजारच्या घरात शिरली. बंब पोचायला ३५ मिनिटं लागली. तोवर पोरांनी जनावरं सोडली होती, पाणी मारत होती. एक पोरगा ओला टॉवेल तोंडाला बांधून सिलेंडर काढायला आत गेला आणि बाहेर येऊन ओकत बसला. वाचक त्याला सगळ्यांसमोर नको ते बोलले, लीडिंग फायरमननी पोरांना मागे ढकललं. दुसऱ्या दिवशी देवळापुढे पोरांचा सत्कार झाला आणि 'बंब आला तमाशा बघायला' असा व्हिडिओ गावभर फिरला. आता स्टेशनात सहकारी 'निम्म हुडुगरू' (तुमची पोरं) म्हणून टोमणे मारतात, गावात काकू बोलत नाहीत. भाऊ म्हणतो, सुट्टीला येऊन आम्हाला शिकव. साहेब म्हणतात, यात पडू नको, कोणी मेलं तर तुझं नाव येईल. वाचकांचा प्रश्न आहे : "साहेबांना सांगून हे पथक बंद पाडू, की त्यांच्यात जाऊन बसू? काही केलं तरी एकीकडे मी परकाच ठरणार."

सप्रेम नमस्कार.

पत्र वाचताना मी त्या पोराशी थांबलो. तुम्ही पुढे सत्काराचं लिहिलंय, व्हिडिओचं लिहिलंय, पण त्या पोराचं पुढे काय झालं ते लिहिलेलं नाही. ओला टॉवेल काजळी थोडीफार अडवतो, कार्बन मोनॉक्साइड अडवत नाही. त्या वायूला वास नाही, रंग नाही, आणि रक्तात तो ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून घट्ट चिकटतो. धुरातून बाहेर आल्यावर डोकं दुखणं, ओकारी येणं ही त्याची खूण असू शकते. त्या रात्री त्याला डॉक्टरकडे नेलं होतं का? नसेल, तर आता तरी त्याच्या घरी जाऊन त्याची विचारपूस करा. पुढच्या वेळी असं कोणाला झालं, तर सत्काराआधी दवाखाना आणि ऑक्सिजन. हे मंडळाच्या पोरांना तुमच्याशिवाय कोण सांगणार?

म्हणजे त्या रात्री तुम्ही ओरडलात ते बरोबर होतं. बंद सिलेंडर जळत्या खोलीत असेल, तर तो आणायला कोणीही आत जायचं नसतं, तुम्हीसुद्धा बीए सेट (पाठीवरच्या हवेच्या टाकीचा श्वसनसंच) आणि मागे पाण्याची धार असल्याशिवाय जात नाही. पण तुम्ही ओरडलात कशासाठी? पोरगा मरेल या भीतीने, की तुमच्या लोकांसमोर तुमच्या गावाने लाज आणली म्हणून? मला वाटतं, दोन्ही एकाच आवाजात बाहेर पडलं. पोराने फक्त दुसरंच ऐकलं. काकूंनीही तेच ऐकलं.

मी स्वतः ३१ वर्षं बंबावर काढली. फायरमन म्हणून लागलो, स्टेशन ऑफिसर होऊन निवृत्त झालो. तेव्हा पुढचं लिहितोय ते बाहेरून बघून नव्हे.

तुमच्या पत्रात एक गोष्ट धरून चाललेली दिसते : आम्ही पगारी म्हणजे जाणकार, ते फुकटचे म्हणजे हौशी. गावाने तेच उलटं धरलंय : आमची पोरं जिवावर उदार, बंबवाले पगारापुरते. दोन्हीकडे मोजमाप पगारानेच चाललंय. आगीला मात्र कोणाचा पगार किती ते ठाऊक नसतं. तिथे शिक्षण कामाला येतं, आणि वेळ.

वेळेचं बघू. रात्री फोन आल्यावर गाडी स्टेशनातून निघायला मिनिट-दीड मिनिट. २२ किलोमीटर, त्यातले शेवटचे सात-आठ वाडीवस्तीचे. ताशी ४० च्या वेगाने गेलात तरी ३३ मिनिटं. म्हणजे ३५ व्या मिनिटाला पोचलात हे चांगलंच काम झालं. पण गावात उभं असलेल्या माणसाला ३५ मिनिटं म्हणजे अख्खा गोठा. भाताचं पिंजर एकदा पेटलं की पहिल्या दहा मिनिटांत जे व्हायचं ते होऊन जातं. गावाचा राग तुमच्यावर नाही, अंतरावर आहे. अंतराला शिव्या देता येत नाहीत, म्हणून त्या गाडीतून उतरणाऱ्याला बसतात. आणि तो उतरणारा गावचाच निघाला की शिवी आणखी खोल जाते.

आपल्या भागात आणखी एक गोष्ट आहे. पलीकडे महाराष्ट्रात बंब बहुतेक करून नगरपालिका-महापालिकांचे. कर्नाटकात अख्खं खातं राज्य सरकारचं. खातं एकसंध राहतं, जवान शिकून येतो, हा त्याचा फायदा. पण बदल्या राज्यभर होतात. ड्रायव्हर हासनचा, लीडिंग फायरमन रायचूरचा, त्यांना तुमच्या गावची कुठली गल्ली अरुंद आणि कुठली विहीर बारमाही हे कसं कळणार? आणि गावालाही तो बंब आपला वाटत नाही, सरकारचा वाटतो. त्यात भाषा वेगळी. तुम्ही मधल्या मधे सापडलात, कारण त्या गाडीत दोन्हीकडची भाषा येणारा एकटा तुम्हीच होतात. तुम्हाला हे ओझं वाटतंय. मला विचाराल तर त्या रात्री सगळ्या स्टेशनात सगळ्यात उपयोगाचा माणूस तुम्हीच होतात, पण ते काम तुम्हाला कोणी सांगितलं नव्हतं.

माझी एक गोष्ट सांगतो. नोकरीच्या पहिल्या वर्षांतली, आजही आठवली की झोप उडते. एप्रिलचा महिना, दुपार, एका वाडीत घराला लागून असलेला पिंजराचा माळा पेटला होता. आम्ही पोचलो. बंबात साधारण ४,५०० लिटर पाणी, एक ब्रांच (होजच्या टोकाची तोटी) मिनिटाला चारशे-साडेचारशे लिटर खातो. दहा मिनिटांचा खेळ. पाणी संपत आलं तसं आम्ही मागच्या विहिरीला सक्शन, म्हणजे पाणी ओढायचा पाइप, लावायला धावलो. एक म्हातारबा माझी बाही धरून काहीतरी सांगत होते. मी हात झटकला, "बाजूला व्हा आजोबा." ते पुन्हा आले. मी त्यांना ढकललं. पडले नाहीत, भिंतीला टेकले. सक्शन लावलं, पंप सुरू केला, पाणी येईना. सांधे तपासले, जाळी तपासली, हवा काढून पंप पुन्हा प्राइम केला. येईना. शेवटी आमच्या ड्रायव्हरने विहिरीत वाकून बघितलं. पाणी पार तळाला. पंप सात-साडेसात मीटरच्या खालचं पाणी ओढत नाही, हे मी ट्रेनिंगमध्ये पाठ म्हणून दाखवलं होतं. म्हातारबा तेच सांगत होते : "हिरीचं पाणी खाली गेलंय साहेब, तुमच्या गाडीला न्हाई गावायचं. माझं इंजन हाय खालच्या टप्प्याव, चालू करतो." वीज आम्हीच तोडायला लावली होती, म्हणून मोटरी बंद होत्या, आणि अख्ख्या वाडीत डिझेलचं इंजिन त्यांच्या एकट्याचं होतं. शेवटी त्यांच्याच इंजिनाने टाकी भरली. पण मधे बारा-तेरा मिनिटं गेली आणि माळ्याबरोबर घराचा आढाही बसला. त्या घरच्या बाईंनी मला चहा दिला. तो मला प्यायला झाला नाही.

हे सांगितलं कारण तुमच्या लीडिंग फायरमननी पोरांना मागे ढकललं, त्यात कायद्याने चूक काही नाही. १९६४ च्या कर्नाटकच्या अग्निशमन कायद्याप्रमाणे आगीच्या जागी अडथळा होणाऱ्याला हटवायचा अधिकार दलाला आहे, आणि तो हवाच. पण सगळ्यांना ढकललं की त्यात इंजिनवालाही ढकलला जातो.

हे भांडण आपल्याकडचंच आहे, असंही समजू नका. अमेरिकेत बेंजामिन फ्रँकलिनने १७३६ साली फिलाडेल्फियात शेजाऱ्यापाजाऱ्यांचं पथक उभं केलं, पुढे शंभर-सव्वाशे वर्षं सगळं स्वयंसेवकांवरच चाललं. मग पथकं आगीसमोरच आपसात मारामाऱ्या करायला लागली, म्हणून १८५३ साली सिनसिनाटीने पूर्ण पगारी दल उभं केलं. आज तिथे दर तीन जवानांत साधारण दोन स्वयंसेवक आहेत आणि कुरबूर आजही चालू आहे. पगारी जवानांच्या मोठ्या संघटनेला आपल्या सभासदाने सुट्टीच्या दिवशी स्वयंसेवक म्हणून जाणं मान्य नाही. जो जातो त्याला दोन टोप्यांचा माणूस म्हणतात. तुमच्यासारखाच तो. चिलीत तर देशभर बंबावर आग विझवणारे जवळजवळ सगळे स्वयंसेवकच. पण जिथे हे नीट चालतं तिथे एक गोष्ट सारखी आहे : स्वयंसेवक आधी शिकतो, मग आत जातो, आणि जागेवर हुकूम एकाचाच चालतो. आपल्या पोरांकडे हिंमत आहे, ट्रॅक्टर आहे. शिक्षण नाही आणि हुकमाची सवय नाही. ते त्यांना कोणी दिलंच नाही, मग त्यावरून त्यांना नावं कशी ठेवायची?

तेव्हा पथक बंद पाडू नका. पाडून ते बंद होणारही नाही. पुढच्या आगीला पोरं धावणारच, फक्त तुम्हाला न सांगता धावतील.

पण साहेबांचंही ऐका. ते भित्रे आहेत असं तुमच्या पत्रातून डोकावतं, मला तसं वाटत नाही. तुम्ही सुट्टीच्या दिवशी खाजगीत शिकवलंत आणि उद्या एखादा पोरगा 'दादाने सांगितलं होतं' म्हणून आत गेला, तर त्याचं उत्तर तुम्हाला एकट्याला द्यावं लागेल. म्हणून जे करायचं ते कागदावर करा. मंडळाने ग्रामपंचायतीमार्फत, पीडीओंच्या (पंचायत विकास अधिकाऱ्यांच्या) सहीने स्टेशन ऑफिसरांना अर्ज द्यावा की गावात प्रात्यक्षिक हवंय. १४ ते २० एप्रिल अग्निशमन सेवा सप्ताह असतो. १९४४ साली १४ एप्रिलला मुंबईच्या गोदीत स्फोट झाला, ६६ जवान गेले, त्यांच्या स्मरणाचा. त्या आठवड्यात ठिकठिकाणी प्रात्यक्षिकं द्यायचीच असतात. मग एक तुमच्या गावात का नको? साहेबांनी पाठवलं म्हणून गेलात की तुम्ही ड्युटीवर जाता, भावाच्या घरी नाही. आपदा मित्र म्हणून केंद्राची योजना आहे, १२ दिवसांचं प्रशिक्षण, साहित्य आणि विम्याची तरतूद असलेली. नवी तुकडी निघणार आहे का, याची डीसी ऑफिसमध्ये, म्हणजे जिल्हाधिकारी कचेरीत, चौकशी भावाला करू द्या. विम्याशिवाय वीस पोरं आगीत पाठवणं मला स्वतःला पटत नाही.

शिकवायचं काय, यात तुम्ही घोळ घालू नका. होज आणि ब्रांचपासून सुरुवात केलीत तर पोरं खूश होतील आणि पुन्हा आतच जातील. उंबऱ्यापासून सुरुवात करा. उंबऱ्याच्या बाहेरचं सगळं गावाचं, आतला धूर बीए सेटवाल्याचा. जनावरं सोडणं, शेजारची गंजी मोकळी करणं, शेजारच्या छपरावर पाणी मारत राहणं, म्हातारीकोतारी माणसं लांब नेणं, हे पोरांनी आधीच चांगलं केलंय, तसं त्यांना सांगा. सगळ्यात आधी ११२ ला फोन, व्हॉट्सॲप ग्रुप नंतर. मी कितीतरी आगींना ऐकलंय, 'आम्हाला वाटलं कोणीतरी केला असेल'. वीज तोडल्याचं लाइनमनने स्वतः सांगितल्याशिवाय पाण्याची धार नाही. वीज मंडळ जाऊन हेस्कॉम कंपनी आली तरी गावात अजून जुनं केईबीच म्हणतात, तर त्या केईबीच्या लाइनमनचा नंबर प्रत्येक पोराच्या फोनमध्ये हवा. आणि सुगीत पिंजराची ट्रॉली ताराला लागते ते वेगळं सांगा. ड्रायव्हरने खाली पाय टेकवत उतरायचं नाही, एक हात ट्रॅक्टरला आणि एक पाय जमिनीला लागला की संपलं. ट्रॉली पेटलीच असेल तर दोन्ही पाय जुळवून लांब उडी आणि तसेच जुळवलेल्या पायांनी उड्या मारत दूर.

एक पोरगा फाट्यावर बॅटरी घेऊन उभा राहील, हे ठरवून टाका. तो बंबात चढेल आणि तीनच गोष्टी सांगेल : आत माणूस आहे का, सिलेंडर किंवा औषधांचे डबे कुठे आहेत, पाणी कुठे आहे. त्याला कन्नड बऱ्यापैकी येत असलं पाहिजे. बंब आला की पथकप्रमुखाने बंबावरच्या मोठ्या माणसासमोर जाऊन उभं राहायचं आणि त्याने सांगितलं तेवढंच करायचं. त्याबदल्यात बंबावरच्या माणसाने त्याला हाकलायचं नाही. हे तुमच्या लीडिंग फायरमनना तुम्हालाच समजवावं लागेल. रात्रीच्या गोंधळात 'हिंदे बन्नी' आणि 'मागं या' दोन्ही ऐकू येत नाहीत, शिट्टी येते. एक लांब शिट्टी म्हणजे सगळ्यांनी मागे, एवढं दोन्ही बाजूंनी एकदा करून बघा.

तुमच्या सहकाऱ्यांच्या टोमण्यांमागे मला एक खरी भीती दिसते. गावोगाव फुकटची पोरं उभी राहिली की वरचे म्हणतील, मग नवं स्टेशन कशाला, भरती कशाला? ही भीती खोटी नाही. म्हणून ग्रामसभेच्या ठरावात पहिल्याच ओळीत लिहून घ्या की पथक बंब येईपर्यंतच्या मदतीसाठी आहे आणि जवळ स्टेशन हवं ही गावाची मागणी कायम आहे. त्या ठरावाची प्रत स्टेशनात न्या. गावाने आपल्यासाठी मागितलंय हे बघितलं की 'निम्म हुडुगरू' म्हणणारे निदान थोडे थांबतील. आणि पोरांपैकी दोघांना परवानगीने एक दिवस स्टेशनात न्या. परेड बघू द्या, वापरून आलेली होज धुऊन, वाळवून, गुंडाळायला लावा. एवढं केल्यावर 'पगारापुरते' हा शब्द त्यांच्या तोंडात राहत नाही, हा माझा अनुभव आहे.

व्हिडिओला उत्तर देऊ नका. काकूंकडे जा. त्या पोराकडे मात्र त्याआधी जा आणि सगळ्यांसमोर ओरडल्याबद्दल त्याची माफी मागा. आत गेलास ते चूक होतं, हे त्याच बसण्यात पुन्हा सांगा, आवाज न चढवता. माफी मागताना ती गोष्ट गिळून टाकलीत तर माझं पत्र वाया गेलं. भावाचं काय, हे तुम्ही विचारलेलं नाही, पण सगळ्या पत्रभर तोच आहे. त्याच्याशी बसून बोलायला गेलात तर पहिल्या पाच मिनिटांत सत्कार निघेल आणि पुन्हा बिनसेल. त्याला बोलायला नको, कामाला घेऊन जा. येत्या सुट्टीला एक लांब दोरी, एक दगड आणि मोजपट्टी घ्या आणि दोघं मिळून गावातली प्रत्येक विहीर मोजा. आत्ता मोजा आणि मार्चअखेरीला पुन्हा. काठापासून पाणी सात मीटरच्या आत असेल तिथे बंबाचा पंप चालेल, बंब विहिरीपर्यंत जातो का तेही चालत बघा. सात मीटरच्या खाली असेल तिथे कोणाचं डिझेल इंजिन अजून चालू आहे, त्यात तेल असतं का आणि रात्री किल्ली कोणाकडे असते, ते वहीत लिहा. वहीची एक प्रत पंचायतीत, एक भावाकडे आणि एक बंबाच्या केबिनमध्ये. ती केबिनमधली कन्नडमध्ये तुम्ही स्वतः लिहून काढा.